निबंध देतो आपण, तपासतो आपण, पण मधलं शिकवतो का?

एका मराठीच्या शिक्षकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा होता: आठवीचा वर्ग, पटावर 62 मुलं, निबंध दिला की सगळे गाईडमधलाच उतरवून आणतात, बीएडला प्रोसेस अ‍ॅप्रोच (लेखन एकदम न मागता पायऱ्यापायऱ्यांनी करून घ्यायची पद्धत) वगैरे वाचलं होतं पण एवढ्या वर्गात ते जमणार कसं, आणि आधी शुद्धलेखन सुधारायचं की आधी विचार. शेवटी हेही विचारलंय की दहावीच्या पेपरला याचा उपयोग होतो का.

मी सोलापूर जिल्ह्यात हायस्कूल आणि नंतर ज्युनिअर कॉलेज मिळून सव्वीस वर्षं मराठी शिकवतेय, त्यातली पहिली सात-आठ वर्षं मी स्वतः हे सगळं चुकीचं केलंय, त्यामुळं जे सांगते ते बरंचसं चुकून शिकलेलं आहे. उत्तर लांब होणार, चहा घेऊन बसा.

आधी गाईडचं. मुलं गाईडमधून उतरवतात हा आळस नाही हो, त्यांच्या बाजूनं तो अगदी शहाणपणाचा निर्णय आहे. आपण फळ्यावर लिहितो 'माझी आई', म्हणतो उद्या वीस ओळी आणा, आणि तास संपतो. वीस ओळी कुठून आणायच्या, पहिली ओळ कशी सुचते, सुचलेलं आवडलं नाही तर काय करायचं, यातलं काहीच आपण सांगितलेलं नसतं. मग ज्याच्याकडं तयार माल आहे त्याच्याकडं पोरगं जाणारच. मी एकदा 'माझी आई'च्या एका वर्गाच्या वह्या घेऊन बसले तर निम्म्याहून जास्त वह्यांत सुरुवातीला तीच एक कवितेची ओळ, सगळ्यांच्या आया पहाटे पाचला उठून सडा-रांगोळी करणाऱ्या, आणि त्याच वर्गातल्या किमान दहा जणींच्या आया विडी कारखान्यातून पानं-तंबाखू घरी आणून रात्री अकरापर्यंत विड्या वळत होत्या. त्या विडीचा उल्लेख एकाही वहीत नव्हता. मुलांना वाटतं की निबंधातली आई वेगळी असते, आणि असं वाटायला आपणच शिकवलेलं असतं.

गंमत बघा, मराठीत निबंध हा शब्द गाजला तो विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या निबंधमालेमुळं, 1874 ते 1881, चौऱ्याऐंशी अंक, जवळजवळ सगळं एकट्यानं लिहिलेलं, आणि तेही पेशानं शाळामास्तरच. तुम्हाला त्यांची मतं पटोत न पटोत, पण त्या निबंधात माणूस भांडतोय, चिडतोय, टोमणे मारतोय. आणि आपल्या शाळेतल्या निबंधात काय असतं, तर 'प्रत्येक नाण्याला दोन बाजू असतात'.

तर माझं म्हणणं एका वाक्यात असं की आपण निबंध देतो आणि निबंध तपासतो, या दोन्हीच्या मधलं जे आहे तेच खरं शिकवायचं असतं आणि नेमका त्याला वेळापत्रकात तास नसतो. तो तास काढायचा. बाकी सगळ्या पद्धती, त्यांची इंग्रजी नावं काहीही असोत, या मधल्या जागेत काय भरायचं याचीच उत्तरं आहेत.

आता ते मी कसं करते ते सांगते. एका लेखनाला माझा जवळपास आठवडा जातो, म्हणजे चार-पाच तास, म्हणून पूर्ण पद्धतीनं एका सत्रात दोनच, फार तर तीन लेखनं होतात. घाबरू नका, वीस न शिकवलेल्या निबंधांपेक्षा ती दोन भारी पडतात.

पहिल्या तासाला कोणी काही लिहायचं नाही, नुसतं बोलायचं आणि विषय बारीक करायचा. 'आठवडी बाजार' हा विषय नाही, ते शीर्षक आहे. विषय म्हणजे 'बाजारात तू कुठं बसतोस आणि तिथून काय दिसतं'. 'माझे आवडते ठिकाण' म्हटलं की पोरं महाबळेश्वरला जातात, जे त्यांनी बघितलेलं नसतं, पण 'मार खाल्ल्यावर घरात तू कुठं जाऊन बसायचास' म्हटलं की वर्गात एकदम आवाज वाढतो, कोणी कणगीमागं, कोणी गच्चीच्या जिन्यात, एक मुलगी म्हणाली बंद पडलेल्या यंत्रमागाखाली. शेजारच्याला तीन मिनिटं सांगायचं, मग त्यानं तीन मिनिटं सांगायचं. बासष्ट मुलं एकदम बोलली की गोंगाट होतो, शेजारच्या वर्गाचे सर डोकावतात, त्यांना आधीच सांगून ठेवा.

दुसऱ्या तासाला दहा मिनिटं हात न थांबवता लिहायचं. खोडायचं नाही, शुद्धलेखन बघायचं नाही, सुचलं नाही तर 'सुचत नाही सुचत नाही' लिहायचं. ही युक्ती माझी नाही, पीटर एल्बो नावाच्या अमेरिकन प्राध्यापकानं 1973 च्या सुमारास ती गाजवली, आपण हवं तर त्याला मुक्तलेखन म्हणू. आणि महत्त्वाची गोष्ट, त्या दहा मिनिटांत मीही फळ्यावर लिहिते. हे मी सुरू केलं तेव्हा मलाच लाज वाटायची. आपण आयुष्यभर मुलांना लिहायला लावतो पण मुलांनी आपल्याला लिहिताना कधीच बघितलेलं नसतं, त्यांना वाटतं बाईंच्या डोक्यातून वाक्य इस्त्री करूनच बाहेर येतं. एकदा विषय होता 'उशीर'. मी फळ्यावर लिहिलं, 'मला शाळेत यायला उशीर झाला.' मग मोठ्यानं म्हटलं, हे तर हजेरीच्या मस्टरवर पण लिहिता येईल, मला उशीर झालाय हे कळलं कशावरून? ते खोडलं. लिहिलं, 'गेटपाशी आले तर आत राष्ट्रगीत सुरू झालं होतं.' मग पुढं काय झालं, तर मी बाहेरच सावधान उभी राहिले. आणि? 'आणि माझ्याबरोबर बाहेर उभा असलेला सहावीतला एक पोरगा माझ्याकडं बघून हसला.' वर्ग फुटला हसून. मग एकानं विचारलं, बाई तुम्ही त्याला नंतर मारलं का, तर मी म्हटलं बघा, हा वाचकाचा प्रश्न आहे, याचं उत्तर पुढच्या ओळीत द्यायला पाहिजे. त्या एका तासात जे शिकवून झालं ते 'निबंधाचे घटक: प्रस्तावना, विषयविवेचन, समारोप' या टिपणानं मला दहा वर्षांत शिकवता आलं नव्हतं.

तिसऱ्या तासाला जोडीत एकमेकांना वाचून दाखवायचं, वही हातात द्यायची नाही, कारण वही दिली की पोरं एकमेकांच्या वेलांट्या काढत बसतात. ऐकणाऱ्यानं छान म्हणायचं नाही, वाईट म्हणायचं नाही, फक्त दोन प्रश्न विचारायचे: मला कुठं कळलं नाही, आणि मला अजून काय ऐकायचंय. सुरुवातीला पोरं 'तू अक्षर सुधार' असलंच काहीतरी सांगतात, तीन-चार वेळा करून घ्यावं लागतं, मग जमतं. बासष्ट मुलांना मी एकटी किती बघणार, पण एकतीस जोड्या आपापसात बघू शकतात, मोठ्या वर्गाचं उत्तर हेच आहे.

चौथ्या तासाला दुसरा खर्डा. इथं जरा थांबते, कारण सगळी गंमत पहिल्या आणि दुसऱ्या खर्ड्याच्या मधे आहे. एक मुलगा होता, आई बाजारात मेथी-कोथिंबीर विकायची, हा शाळेनंतर तिच्याजवळ बसायचा. त्याचा पहिला खर्डा असा: 'आमच्या गावात सोमवारी बाजार असतो. बाजारात खूप गर्दी असते. लोक भाजी घेतात. बाजारात खूप मजा येते.' झालं, चार ओळी. मी त्याच्या बाकाशी बसले, म्हटलं पहिलं गिऱ्हाईक आल्यावर काय होतं? तो म्हणाला, 'आई भवानीचे पैसे कपाळाला लावती.' म्हटलं शेवटचं गिऱ्हाईक? तर म्हणाला, 'बाई, दुपारी धाला एक पेंडी असती, दिवस कलला की धाला तीन, मग काय भाव राहत नाही.' आणि उरलेली? 'शेळीला.' मी एवढंच म्हटलं की आत्ता जे तोंडानं सांगितलंस ते वहीत कुठंय? दुसऱ्या दिवशी त्यानं दीड पान आणलं. त्यात गोणपाट ओलं करून पेंड्यांवर टाकायचं होतं, एक बाई दर वेळी घासाघीस करते आणि शेवटी न घेताच जाते ती होती, आणि शेवटची ओळ होती, 'सोमवारी आमच्या शेळीचं पोट भरलेलं असलं की आईचा चेहरा उतरलेला असतो.' हे वाक्य मी त्याला शिकवलेलं नाही. कोणी शिकवूही शकत नाही. आपण फक्त प्रश्न विचारायचा आणि दुसऱ्यांदा लिहायला वेळ द्यायचा.

पण पोरांना दुसरा खर्डा म्हणजे शिक्षा वाटते, 'पुन्हा लिहून आण' हे आपण शिक्षा म्हणूनच वापरत आलोय ना. म्हणून मी 'पुन्हा लिही' म्हणतच नाही, म्हणते कुठंतरी एकाच जागी भर घाल, किंवा सुरुवात कापून टाक. बहुतेक मुलांच्या पहिल्या तीन ओळी इंजिन गरम करायच्या असतात, त्या उडवल्या की लेखन आपोआप सुरू होतं. करून बघा, मोठ्यांच्या लेखनालासुद्धा लागू पडतं.

आता शुद्धलेखन आधी की विचार आधी. विचार आधी, पण शुद्धलेखन सोडायचं नाही, ते शेवटच्या तासाला. याचं कारण मला एका पोरानं दाखवलं. त्याला लिहायचं होतं की शेतात बुजगावणं होतं आणि त्याला आजोबांचा सदरा घातला होता, तोंडानं त्यानं मस्त सांगितलं, आणि वहीत काय, तर 'शेतात खूप छान वातावरण होते.' मी विचारलं बुजगावणं कुठं गेलं, तर म्हणाला, बाई, 'बु'ला पहिला उकार का दुसरा माहीत नव्हतं. म्हणजे माझ्या लाल पेनच्या भीतीनं त्याच्या वहीतलं बुजगावणं उडून गेलं, जे पाखरांना घाबरवायचं ते माझ्यामुळं घाबरलं. त्या दिवसापासून मी पहिल्या खर्ड्यावर लाल पेन टेकवत नाही.

पण मग शेवटच्या तासाला पक्कं. नियमांचा कागद वाटून काही होत नाही, साहित्य महामंडळाचे 1962 चे चौदा आणि 1972 चे चार असे अठरा नियम मी पण पाठ केले होते, बीएडची परीक्षा संपली आणि विसरले. मुलांना दोन-तीनच गोष्टी कानानं पकडायला शिकवा. शेवटची वेलांटी, शेवटचा उकार दुसरा: पाणी, कवी, गुरू, पेरू. अपवाद 'आणि', तो फळ्याच्या कोपऱ्यात वर्षभर लिहून ठेवायचा. मग अकारान्त शब्दात शेवटून दुसरं अक्षर दीर्घ, पण प्रत्यय लागला की ऱ्हस्व: बहीण पण बहिणीला, फूल पण फुलाला, मूल पण मुलाला, विहीर पण विहिरीत. हे म्हणून दाखवलं की कानाला फरक कळतो, मुलं मग स्वतःच खेळ करतात, 'बाई, जमीन, जमिनीत!' संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द, गुण, विष, परीक्षा, पूजा, ते वेगळे, ते सवयीनं येतात. आणि प्रत्येक मुलाच्या वहीच्या शेवटच्या पानावर त्याच्या स्वतःच्या चुकांची यादी, दहाच शब्द, एखादा बरोबर यायला लागला की खोडायचा आणि नवीन घालायचा. सगळ्या वर्गाला एकच पन्नास शब्दांची यादी देण्यात अर्थ नाही, प्रत्येकाचं दुखणं वेगळं असतं.

अजून एक, आमच्याकडं घरात कन्नड बोलणारी मुलं आहेत, तेलुगू बोलणारी आहेत, लमाणी बोलणारी आहेत. कन्नड घरातलं पोरगं 'ते खुर्ची तुटलं' लिहितं, तर ती शुद्धलेखनाची चूक नाही, त्याच्या भाषेत निर्जीव वस्तू सगळ्या नपुंसकलिंगी, त्याला आपलं 'ती खुर्ची, तो पलंग, ते कपाट' हे वेडेपणाच वाटणार, आणि खरं सांगायचं तर आहेच. त्याला नामाबरोबर ती-तो-ते जोडूनच शब्द शिकवावा लागतो. आणि जे पोरगं 'पानी' लिहितं ते घरी जे ऐकतं ते लिहितंय, त्याच्यावर हसलात की ते पोरगं वर्षभर लिहीत नाही. पात्राच्या तोंडचं बोलणं बोलीत लिहायला तर शुद्धलेखनाच्या नियमांतही मुभा आहे, मग 'कपाळाला लावती' हे अवतरणात राहू द्या की, निवेदन प्रमाण मराठीत लिहायला सांगा. हा फरक आठवीतल्या मुलांना व्यवस्थित कळतो.

व्याकरणाबद्दल थोडं. आपल्याला वाटतं समास, प्रयोग, अलंकार पक्के झाले की लेखन सुधारेल. अमेरिकेत स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन या दोघांनी 2007 साली चौथी ते बारावीच्या मुलांवरच्या पुष्कळ प्रयोगांचा एकत्र हिशोब मांडला, त्यात लेखनाच्या पायऱ्या उघड करून शिकवणं आणि सारांश लिहायला शिकवणं यांचा परिणाम सगळ्यात जास्त म्हणजे 0.82 आला (शून्य म्हणजे फरकच नाही, उणे म्हणजे उलटा परिणाम), मुलांनी एकमेकांना मदत करणं 0.75, वाक्यं जोडायचा सराव 0.50, आणि नुसतं सुटं व्याकरण शिकवण्याचा परिणाम उणे 0.32, म्हणजे तो वेळ लेखनाच्या दृष्टीनं वायाच. हे इंग्रजीचे आकडे आहेत, मराठीला जसेच्या तसे लावू नका, पण माझा अनुभव याच दिशेचा आहे. त्याच अहवालात एक गोष्ट प्रोसेसवाल्यांना टोचणारी पण आहे: नुसत्या प्रोसेस अ‍ॅप्रोचचा परिणाम 0.32 च, आणि शिक्षकांना त्याचं प्रशिक्षणच मिळालं नव्हतं तिथं तर जवळपास शून्य. म्हणजे 'लिहा मुलांनो मोकळेपणानं' म्हणून आपण खुर्चीत बसलो तर काही होत नाही. बाकाशी जाऊन बसावं लागतं, फळ्यावर स्वतः लिहून दाखवावं लागतं.

ते वाक्यं जोडायचं मात्र जरूर करा, रोज पाच मिनिटांचं काम आहे आणि मुलांना कोड्यासारखं आवडतं. फळ्यावर सुटी वाक्यं द्यायची: एसटी आली. एसटी भरलेली होती. आजी पुढं झाली. कंडक्टर म्हणाला जागा नाही. आजी चढली. याचं एक वाक्य करा. कोणी करतं, 'एसटी भरलेली असूनही आजी पुढं झाली आणि कंडक्टर जागा नाही म्हणत असतानाच चढली.' कोणी करतं, 'जागा नाही असं कंडक्टर ज्या आजीला सांगत होता ती आजी आत बसलेली होती.' दोन्ही बरोबर, पण पहिल्यात घाई आहे आणि दुसऱ्यात विनोद. मग विचारायचं, तुला काय हवंय? '-ऊन', '-ताना', 'असूनही', 'जो-तो', हे सगळं व्याकरण यात येऊन जातं आणि कोणी धातुसाधित हा शब्दसुद्धा उच्चारलेला नसतो.

आता पत्र, बातमी, अहवाल. इथं माझं मत मोकळ्या लेखनवाल्यांपेक्षा वेगळं आहे. ऑस्ट्रेलियात 1980 च्या दशकात सिडनीच्या जिम मार्टिन वगैरे मंडळींनी आक्षेप घेतला होता की 'मनातलं लिहा' ही पद्धत ज्यांच्या घरात पुस्तकी भाषा आहे त्यांच्याच फायद्याची, बाकीच्यांना अर्ज कसा लिहितात, अहवाल कसा लिहितात हे उघड करून शिकवलंच पाहिजे, नाहीतर त्यांना ते कधीच कळणार नाही. मला हे शंभर टक्के पटतं. वकिलाच्या पोराला अर्ज घरात दिसतो, ऊसतोडीला जाणाऱ्याच्या पोराला कुठं दिसणार. त्यांची रीत सोपी आहे: आधी खरा नमुना घेऊन उसवायचा, मग सगळ्या वर्गानं मिळून एक फळ्यावर रचायचा, मग एकेकट्यानं लिहायचा. आपण मधली पायरी गाळतो, नमुना दाखवतो आणि थेट म्हणतो लिहा.

आम्ही एकदा खरंच पत्र लिहिलं. शाळा सुटायची पाचला आणि एका रस्त्याची एसटी पावणेपाचला निघून जायची, पुढची सातला. पोरांचं पहिलं पत्र नेहमीचं, 'वरील विषयास अनुसरून विनंती करतो की आमची फार गैरसोय होत आहे.' मी म्हटलं मी आगार व्यवस्थापक आहे, मला यातलं काही कळलं नाही, कुठली गाडी, कुठला मार्ग, किती मुलं, कुठल्या दिवशी, मी नेमकं काय करू म्हणता? मग पोरांनी वर्गावर्गांत जाऊन मुलं मोजली, त्या मार्गावरची छत्तीस निघाली, शनिवारी शाळा सकाळची म्हणून तो दिवस वगळला, आणि मागणी एकच ठेवली, गाडी वीस मिनिटं उशिरा सोडा. पत्र दोघं जण स्वतः नेऊन देऊन आले आणि आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली पोच घेऊन आले. गाडीची वेळ काही लगेच बदलली नाही, पण ती शिक्क्याची पोच वर्गात जशी हातोहात फिरली तसं मी दिलेलं 'उत्तम' कधी फिरलं नाही. लेखनाला खरा वाचक असला की मुलं स्वतःहून काटेकोर होतात. फ्रान्समध्ये सेलेस्टिन फ्रेने हा खेड्यातला मास्तर 1920 च्या दशकात वर्गात छोटं छापयंत्र घेऊन आला होता ते याचसाठी, मुलांचं लिहिलेलं मुलांनीच छापायचं. आणि लांब कशाला, साने गुरुजी अमळनेरला छात्रालयात मुलांसाठी रोज हातानं लिहून 'छात्रालय' दैनिक काढायचे की. आपल्याकडं शाळाशाळांतून हस्तलिखितं निघायची, अजूनही कुठं कुठं निघतात, पण आता त्यात सुवाच्य अक्षराची दोन मुलं सगळ्यांचं उतरवून काढतात आणि ते कपाटात जातं. त्यापेक्षा साधं भित्तिपत्रक, दर पंधरा दिवसांनी बदलणारं, जास्त वाचलं जातं, विशेषतः पाण्याच्या टाकीजवळ लावलं तर.

तपासण्याचा हिशोब सांगते, कारण खरा प्रश्न तिथंच आहे. बासष्ट वह्या, एकीला पाच मिनिटं, पाच तास झाले, आणि असे तीन वर्ग असले तर पंधरा तास. हे कोणाला जमणार नाही आणि जमवायचीही गरज नाही. मी प्रत्येक वेळी एकच गोष्ट तपासते आणि मुलांना ती आधी सांगते: या वेळी फक्त सुरुवात, या वेळी फक्त संवाद. बाकीच्या चुका दिसल्या तरी हात आवरते, सुरुवातीला फार जड जातं हो, हाताला खाज सुटते. पूर्ण वह्या एका वेळी पंधराच घेते, पुढच्या वेळी पुढच्या पंधरा. आणि शेरा म्हणजे 'छान', 'बरे', 'सुधारणा हवी' नाही, एक प्रश्न, जसं की 'मग आजी कुठं उतरली?' गुण शक्यतो देत नाही. इस्रायलमध्ये रूथ बटलर यांनी 1988 साली दाखवलं होतं की नुसता शेरा मिळालेली मुलं पुढं सुधारतात, पण शेऱ्याबरोबर गुणही दिले की शेऱ्याचा फायदा उडून जातो. कारण उघड आहे, पोरगं आधी आकडा बघतं, मग शेजारच्याचा आकडा बघतं, आणि वही मिटतं. जिथं गुण द्यावेच लागतात, चाचणीला वगैरे, तिथं द्या.

दहावीचं विचारलंत. कुमारभारतीच्या ऐंशी गुणांच्या पेपरात उपयोजित लेखनाला चोवीस गुण आहेत, पत्र किंवा सारांश सहा, जाहिरात-बातमी-कथा यातले दोन मिळून दहा, आणि प्रसंगलेखन-आत्मकथन-वैचारिक यातलं एक आठ. पत्राचा आराखडा, डावीकडून लिहायचं, ईमेल टाकायचा, हे दोन तासांत शिकवून होतं, त्याला वर्षभर झिजवू नका, बँकेची स्लिप भरण्यासारखं ते आहे. उरतो तो मजकूर, आणि तो दोन वर्षं असं लिहिलेल्या मुलाला आपोआप येतो. आत्मकथनात शंभर पोरं 'मी एक झाड बोलतोय' म्हणून पर्यावरणावर भाषण ठोकतात, आमच्या एका मुलीनं सराव परीक्षेत फाटक्या छत्रीचं लिहिलं होतं, सुरुवातच 'मला दुरुस्त करायला जेवढे पैसे मागितले तेवढ्यात नवीन येते, हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं.' सत्तर पेपर तपासून थकलेल्या परीक्षकाला अशी ओळ दिसली की तो गुण कापायचं विसरतो, हे मी स्वतः परीक्षक म्हणून सांगते.

ज्युनिअर कॉलेजचं थोडक्यात. युवकभारतीत अकरावीला अनुवाद, मुद्रितशोधन, ब्लॉग, बारावीला मुलाखत, माहितीपत्रक, अहवाल, वृत्तलेख असं चांगलं काय काय आहे, आणि आपण ते 'व्याख्या, स्वरूप, वैशिष्ट्ये' करून टाकतो. मुलाखतीची व्याख्या पाठ असलेला मुलगा गल्लीतल्या चप्पल शिवणाऱ्याला तीन प्रश्न विचारू शकत नाही. त्याला पाठवा. अहवाल शिकवायचा तर आपल्याच स्नेहसंमेलनाचा लिहायला लावा आणि मागच्या वर्षीचा खरा काढून शेजारी ठेवा. आणि चॅटजीपीटीचं म्हणाल, तर घरी निबंध देणं मी आता बंदच केलंय. पहिला खर्डा वर्गात, पेननं, माझ्यासमोर. मग घरी मोबाईलवर काय करायचं ते करा, पण दुसऱ्या दिवशी दोन प्रश्न मी तोंडी विचारणार, हे वाक्य तुला कुठून सुचलं आणि हे का काढलंस. मशीनकडून आणलेल्या पोराला दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही, कारण त्यानं काही काढलेलंच नसतं. तसं बघितलं तर मशीन म्हणजे फुकटचं गाईड, जुनाच रोग आहे.

राहिली मुख्याध्यापकांची अडचण, ती तुम्ही विचारली नाहीत पण येणारच. खाडाखोड असलेली वही तपासणीला दिसली की 'मॅडम, हे काय' होतं. माझ्यावर एकदा झालंय, सगळ्या स्टाफसमोर. तेव्हापासून दोन वह्या, एक रफ आणि एक फेअर. फेअरमध्ये सत्राचे दोन-तीनच पक्के खर्डे, तारीख, सही, अनुक्रमणिका सगळं शिस्तीत, तपासणीला ती द्यायची. रफ वही मागच्या वर्षीच्या उरलेल्या कोऱ्या पानांची शिवलेली, तिला नाव-इयत्तेचं लेबल नाही की कव्हर नाही. ती दप्तरात राहू द्या. जूनपासून मार्चपर्यंत कोण किती पुढं गेलं हे मला बघायचं असतं तेव्हा मी तीच मागवते.